चला, येतो

मी कंट्रोल रूममध्ये काही वर्षं बसले आणि ती सगळी वर्षं घाबरून बसले. तिथे असताना हे कुणाला सांगितलं नाही. भीती वाटते म्हणणारी मुलगी कंट्रोल रूमला नको असते, आणि मला ती नोकरी हवी होती.

आधी काम काय होतं ते सांगते, कारण माझ्या पुण्याच्या मावशीला ते अजून कळलेलं नाही. ती सगळ्यांना सांगते की मी कतारला एसी रिपेअरिंगमध्ये होते.

वर्ल्ड कपच्या आधीच्या वर्षांत दोह्याच्या कडेने नवे भाग उभे राहत होते. त्यांतल्या एका भागाची व्यवस्था आमची कंपनी बघायची. नाव सांगत नाही. दोह्यातले वाचक ओळखतील, बाकीच्यांना नाव कळून काही फरक पडणार नाही. अशा भागातले रस्ते, दिवे, बागा, कारंजी, कचरा, सांडपाणी यातलं बरंचसं नगरपालिकेकडे नसतं. तो भाग स्वतःचं स्वतः चालवतो. तिथे फ्लॅट घेणाऱ्याने दरवर्षी जागेच्या क्षेत्रफळाप्रमाणे सेवाशुल्क भरायचं. त्यातून माळी, सफाई, पहारा, पंप आणि माझा पगार. थोडा हिस्सा राखीव निधीत ठेवायचा, म्हणजे पुढे पाइप कुजले किंवा लिफ्ट थकल्या की नव्या घेता येतात. खर्च कशावर करायचा ते मालकांची समिती ठरवते. पुण्यातल्या हाउसिंग सोसायटीसारखंच सगळं, फक्त सोसायटी एका गावाएवढी आणि सेक्रेटरी सुटाबुटातला.

गारवासुद्धा असाच सामाईक. भागाच्या एका टोकाला मोठा प्लांट होता. तो पाणी थंडगार करून रस्त्याखालच्या जाड पाइपांतून प्रत्येक इमारतीत पाठवायचा. पाणी इमारतीतली उष्णता घेऊन परत यायचं, पुन्हा गार व्हायचं, पुन्हा निघायचं. याचं बिल दोन भागांत असतं. एक भाग वापराचा, आणि दुसरा नुसता प्लांट तयार ठेवल्याचा, तुम्ही घरी असा वा नसा. या दुसऱ्या भागावरून जेवढी भांडणं मी फोनवर ऐकली तेवढी कुठल्या सिरियलमध्येही नसतील. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ उन्हाळ्यात मायदेशी जाताना घरातले सगळे व्हॉल्व्ह बंद करून जायचे. मी तिथे नसताना मला गार कशाला करता, असं त्यांचं म्हणणं. सप्टेंबरात परत आले तेव्हा सोफ्याला, पडद्यांना आणि लग्नाच्या सुटाला हिरवी बुरशी आली होती. त्यांनी मला फोन करून विचारलं की ही बुरशी सेवाशुल्कात बसते का. मी त्यांना तक्रार क्रमांक दिला. अशा वेळी तक्रार क्रमांक हा मोठा आधार असतो.

असे लोक मला आवडायचे. त्यांची भीती नव्हती. भीती होती ती रस्त्याखालच्या भागाची.

ठरावीक अंतरावर रस्त्यात लोखंडी झाकणं होती. झाकण उघडलं की खाली शिडी, शिडीखाली एका खोलीएवढा खड्डा, आणि त्यातून दोन्हीकडे जाणारे ते पाइप. या खड्ड्याला आम्ही चेंबर म्हणायचो. दुरुस्तीला माणूस आत उतरायचा. उतरण्याआधी त्या तुकड्यातलं पाणी दोन्ही टोकांना बंद करून पाइप रिकामा करायचा, हवा तपासायची, आणि झाकणापाशी सतत एक माणूस उभा ठेवायचा, असा नियम. आत जाणाऱ्याने रेडिओवर कंट्रोल रूमला कळवायचं, बाहेर आल्यावर पुन्हा कळवायचं. तो आत असेपर्यंत माझ्या स्क्रीनवर त्या चेंबरपाशी एक पिवळी खूण असायची. ती खूण मीच लावायची आणि शिफ्ट इन्चार्जला विचारून मीच काढायची. ती असेपर्यंत पाणी सोडता यायचं नाही. एवढंसंच काम. पण पाइप उघडा असताना पाणी सुटलं तर ते चेंबर किती वेळात भरेल, हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, आणि ते मी कधी विसरू शकले नाही.

त्यात रेडिओ खाली लागत नसे. शिडी उतरला की माणूस गप्प. खाली रेडिओ लागायचा तर पाइपांच्या बाजूने एक खास केबल टाकावी लागते. आमचे इंजिनिअर दरवर्षी ती समितीपुढे मांडायचे. समितीतले लोक वाईट नव्हते. पण जमिनीखालची केबल कुणाला दिसत नाही, आणि त्या वर्षी खजुराच्या झाडांना दिवे गुंडाळायचे होते. पाहुणे येणार होते ना. केबल पुढच्या वर्षावर गेली. त्याच बैठकीत झाकणावरच्या माणसांतही काटकसर झाली. दोन झाकणं जवळ असली तर एकाच माणसाने दोन्हींकडे बघायचं.

दुरुस्तीच्या टोळीतले पेडणेकर काका वेंगुर्ल्याकडचे. गल्फमध्ये त्यांचे केस पांढरे झाले होते. सगळ्यांशी हिंदीत बोलायचे, पण माझं आडनाव कळल्यापासून रेडिओवर माझ्याशी मराठीतच. ‘मॅडम, पाणी बंद झाला काय?’ ‘मॅडम, जेवलात काय?’ मी प्रत्येक वेळी म्हणायचे, “ओके, कॉपी,” म्हणजे ऐकलं. घरीही माझं तेच. आम्ही दोह्यातच, अल मुंतझात राहायचो. शाळा इंग्लिश मीडियम, कॉलेज इंग्लिश. आई मराठीत बोलायची, मी इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचे. बाबा दुखानला, तेलाच्या कंपनीत, ते सुट्टीला यायचे आणि मग घरात सगळं एकदम मराठी व्हायचं. मला मराठी कळत होतं. निदान मला तसं वाटत होतं.

तो दिवस सप्टेंबरातला. हवा ओल्या फडक्यासारखी. दुपारी आमच्या भागातली दोन हॉटेलं बघायला पाहुणे यायचे होते, स्पर्धेच्या वेळी तिथे कुणाला उतरवायचं ते ठरवणारे. आणि नेमकं सकाळी त्याच रस्त्याखालच्या चेंबरमध्ये हवा बाहेर सोडणारा एक व्हॉल्व्ह गळताना सापडला. तो तुकडा बंद करायचा, व्हॉल्व्ह बदलायचा, आणि पाहुणे यायच्या आत पाणी चालू करायचं, असं ठरलं. हॉटेलं तेवढा वेळ साठलेल्या गारव्यावर निभावतील असा हिशेब होता.

पेडणेकर काका कळवून उतरले, मी खूण लावली. झाकणावर थापा होता, नेपाळचा, शांत माणूस. त्याला पुढच्या चौकातलं दुसरं झाकणही बघायचं होतं. तुकड्याच्या एका टोकाचा व्हॉल्व्ह हाताने फिरवायचा होता. त्याला काकांनी साखळी घालून कुलूप लावलं, किल्ली त्यांच्याच खिशात. दुसऱ्या टोकाचा व्हॉल्व्ह मोटरवर चालणारा, आमच्या स्क्रीनवरून उघडणारा. पाइप पुन्हा भरायचा तो त्याच टोकाकडून. म्हणजे काका आणि पाणी यांच्यामध्ये त्या बाजूला फक्त माझी पिवळी खूण होती.

वेळ गेला तसे स्क्रीनवर हॉटेलच्या तापमानाचे आकडे चढायला लागले. आमचे शिफ्ट इन्चार्ज नबील, लेबनानचे. एरवी सगळ्यांना खजूर वाटणारे, आवाज न चढवणारे. त्यांचा फोन वाजायचा थांबत नव्हता. हॉटेलच्या मॅनेजरने त्यांना सांगितलं की लॉबीतली फुलं माना टाकतायत. नबील म्हणाले की फुलांना सांगा, इन्शाल्ला थोड्या वेळात. मग फोन ठेवून चष्मा पुसत बसले. दुसऱ्यांदा वरच्या साहेबांचा फोन आला तेव्हा त्यांनी विनोद केला नाही.

तेवढ्यात रेडिओवर काकांचा आवाज आला. धाप लागलेली, मागे वाऱ्याचा आवाज.

“मॅडम. चला, येतो.”

“ओके, कॉपी,” मी म्हटलं.

नबीलनी विचारलं, काय म्हणाला? त्या खोलीत मराठी फक्त मलाच येत होतं. मी सांगितलं की येतो म्हणाले.

नबीलनी सुटकेचा श्वास सोडला. म्हणाले, खलास, काम झालं, खूण काढ, यल्ला, चल लवकर.

माझा हात माउसवर होता. काय अडलं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. ते ‘येतो’ मला कुठल्या तरी दुसऱ्या ठिकाणाहून ओळखीचं वाटलं. आमच्या दारातून. पायांत चपला घालताना, किल्ल्या शोधताना. मी नबीलना म्हटलं की एकदा खात्री करून घेऊ. मी काकांना रेडिओवर हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. फोन लावला, तो वाजत राहिला. फोन ही मंडळी गाडीतच ठेवून जायची.

नबील समजावून सांगायला लागले, आणि त्यांचं बोलणं अगदी बरोबर होतं. रेडिओ खाली लागत नाही. आवाज आला, म्हणजे माणूस वर आहे. वर आहे आणि म्हणतो येतो, म्हणजे इकडे येतोय. गाडी चालवत असेल म्हणून उत्तर देत नाही. त्यांनी थापाला विचारलं. थापा दुसऱ्या झाकणावर होता. तो म्हणाला, हो, मी इकडे येताना पेडणेकरला वर बघितलं, गाडीपाशी उभा होता.

सगळ्या गोष्टी एकाच बाजूला होत्या. माझ्या बाजूला काही नव्हतं. मी कुणाला नाही म्हणणारी मुलगी नव्हते. शाळेत उत्तर येत असूनही हात वर न करणारी होते. हॉटेलचा आकडा लाल झाला. नबीलचा फोन पुन्हा वाजला आणि त्यांनी तो न उचलता माझ्याकडे बघितलं. ते म्हणाले की तुला जमत नसेल तर बाजूला हो, मी काढतो खूण.

मी म्हटलं, मला फक्त एक फोन करू द्या. आणि कंट्रोल रूममध्ये मोबाइलला बंदी असताना, सगळ्यांसमोर, मी आईला फोन लावला.

आई मासे साफ करत होती. मी विचारलं की माणूस ‘येतो’ म्हणाला तर तो येतोय की नाही.

“असं काय विचारतेस? कोण माणूस?”

“आई, प्लीज. रेडिओवर. कामावरचे काका.”

“नुसतं ‘येतो’ म्हणाले? की आधी काही म्हणाले?”

“‘चला, येतो.’”

“मग ते गेले,” आई म्हणाली.

“कुठे गेले?”

“जिथे जायचं होतं तिथे. निघताना ‘जातो’ म्हणतात का कधी? तुझे बाबा दर वेळी दुखानला जाताना काय म्हणतात?”

“‘येतो,’” मी म्हटलं. “आणि इकडे येत असते तर?”

“तर ‘आलो’ म्हणाले असते. ‘आलोच.’ काय झालंय गं?”

मी फोन ठेवला. नबीलचा हात माझ्या माउसच्या दिशेने येत होता. मी आपला हात काढला नाही.

“ते आत आहेत,” मी म्हटलं.

“तूच म्हणालीस, तो येतोय म्हणाला.”

“आमच्या भाषेत जाताना ‘येतो’ म्हणतात.”

“आणि येताना?”

“‘आलो.’”

मला वाटलं नबील आता ओरडतील. त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला, दोन्ही हात वर धरले, एखाद्याने बंदूक रोखल्यासारखे, आणि खुर्ची मागे ढकलली. मग रेडिओ उचलून थापाला सांगितलं की पळ, पहिल्या झाकणाकडे, आणि आत वाकून बघ.

दोन झाकणं जवळच होती. समितीच्या कागदावर तर फारच जवळ होती. आम्ही दोघं रेडिओकडे बघत बसलो. नबील फोन उचलत नव्हते. वाजू देत होते. मी स्क्रीनवरचा तो मोटरचा व्हॉल्व्ह बघत होते. तो बंद होता, आणि मी हात लावल्याशिवाय उघडणार नव्हता, हे मला माहीत होतं. तरी तो आपोआप उघडेल असं मला वाटत होतं. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. पळणाऱ्या माणसाचा श्वास आधी रेडिओवर आला, मग आवाज.

“मॅडम, नीचे बत्ती है.”

मग काही वेळाने, “पाइप खुला है. वो अंदर बैठा है. गाना गा रहा है.”

नबीलनी डोकं टेबलावर टेकवलं. अरबीत काहीतरी म्हणाले, ते मला कळलं नाही आणि मी विचारलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी फोन उचलला आणि हॉटेलच्या मॅनेजरला सांगितलं की पाणी आत्ता येणार नाही, फुलं बदलून घ्या.

झालं होतं ते एवढंच. नव्या व्हॉल्व्हखाली घालायची रबरी चकती चुकीच्या मापाची निघाली. काका ती बदलायला वर आले, गाडीतून दुसरी घेतली, आणि परत उतरताना मला सांगून गेले. मध्ये वर आल्याचं मात्र त्यांनी कळवलंच नाही. पाच मिनिटांसाठी वर आलो, त्यात काय कळवायचं, असं त्यांना वाटलं.

पाहुणे उकडणाऱ्या लॉबीत आले. त्यांनी कोट काढून हातावर घेतले आणि सरबत पिऊन गेले. नबीलना लेखी खुलासा द्यावा लागला. त्यात त्यांनी काय लिहिलं ते मला दाखवलं नाही, पण माझं नाव घातलं नव्हतं एवढं नंतर कळलं.

हा प्रकार मालकांच्या समितीपुढेही गेला. मला बोलवलं होतं. लांबच लांब टेबल, समोर पाण्याच्या बाटल्या, आणि मला ‘येतो’ आणि ‘आलो’ इंग्लिशमध्ये समजावून सांगायचं होतं. माझा आवाज इतका बारीक निघाला की दोनदा मोठ्याने बोला म्हणून सांगितलं. समितीतल्या एका डॉक्टर बाई म्हणाल्या की हे फारच गोड आहे. मला ते गोड वाटलं नव्हतं. मी सांगितलं की खाली केबल असती तर शब्दाचा प्रश्नच आला नसता, मी त्यांना विचारलं असतं, कुठे आहात. सगळ्यांनी माना डोलावल्या. केबल तत्त्वतः मंजूर झाली, स्पर्धा संपल्यावर टाकायची. प्रत्येक झाकणावर वेगळा माणूस ठेवायला परवानगी मिळाली, तीही स्पर्धा होईपर्यंत. आणि रेडिओवर फक्त इंग्लिश बोलायचं असा नियम झाला. आत जाताना ‘एन्टरिंग’, बाहेर आल्यावर ‘एक्झिटेड’. दुसरा एकही शब्द नाही. याला खर्च नव्हता, म्हणून तो त्याच दिवसापासून लागू झाला.

त्यानंतर काका मला चहाच्या खोलीत भेटले. काय होऊ शकलं असतं ते त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मला वाटलं ते आभार मानतील, आणि मला ते नको होतं. ते कप धुवत उभे राहिले.

म्हणाले, “एक सांगू काय? रागावू नका. त्या दिवशी मी ‘येतो’ म्हटलंय, तर तुम्ही ‘या’ म्हटलात नाय.”

मी म्हटलं, मी कॉपी म्हटलं होतं.

“ता खरा. पण ‘या’ म्हटल्याशिवाय घरातून सुद्धा कोण निघत नाय. मी शिडीवर वाईच थांबलेलो. म्हटला, मॅडम बोलतील. मग उतरलो तसाच. भ्यालेला माणूस खाली गाणी म्हणता, दुसरा काय करणार?”

इतके दिवस मला वाटत होतं की त्या दुपारी घाबरलेली फक्त मी होते.

पुढच्या आठवड्यात त्याच रस्त्यावर दुसऱ्या चेंबरचं काम निघालं. रेडिओवर काकांचा आवाज आला, शाळेत पाठ म्हणून दाखवावा तसा.

“कंट्रोल, पेडणेकर. एन्टरिंग.”

“कॉपी, एन्टरिंग,” मी म्हटलं आणि खूण लावली. शेजारी नबील बसले होते. रेडिओवरचा शब्द न् शब्द आता रेकॉर्ड होत होता, आणि नियम मोडणाऱ्याला काय होईल त्याचं पत्रक आमच्या भिंतीवर लागलं होतं.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग थापा बोलला.

“मॅडम, पेडणेकर खड़ा है. नीचे नहीं जा रहा.”

नबीलनी माझ्याकडे बघितलं. मग ते भिंतीकडे वळून कॅलेंडर वाचायला लागले.

मी बटण दाबलं. “या,” मी म्हटलं.

“गया, मॅडम,” थापाने कळवलं.

‘गया’ हा शब्द मला ऐकवला नाही. काका वर येईपर्यंत मी खुर्चीतून हलले नाही.